भोंगा काय म्हणाला

"मफलर जरा खाली घेता येईल का, काका?" माइकवाल्याने विचारलं.

"कशाला?" ती स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली.

"म्हणजे बघणाऱ्यांना कळेल."

"काय कळेल?"

माइकवाला हसला. वय असेल पंचवीस-सव्वीस. अंगात क्लबची निळी जर्सी, पण कोरी. पाकिटातल्या घड्या अजून तशाच. तिचं लक्ष माणसाच्या आधी त्याच्या कपड्यांकडे जायचं. लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलामागे अर्धं आयुष्य उभ्याने काढल्यावर दुसरं काय होणार. चहा सांडला म्हणून सांगणाऱ्यांच्या सदऱ्यावर तिने कसकसले डाग पाहिले होते. ही जर्सी एकदाही पाण्यात पडलेली नाही, हे तिने मनाशी टिपून ठेवलं.

"काकांनी काय सोसलंय ते कळेल," तो म्हणाला. "टीव्हीवाले स्टँडमधल्या माणसाला कधी विचारतात का? आम्ही विचारतो. आमचं चॅनेल म्हणजे चाहत्यांचा आवाज, काकू."

तिचा नवरा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. खुर्ची तिथे माइकवाल्यानेच ओढली होती, उजेड चांगला येतो म्हणून. नवऱ्याने तिच्याकडे न बघता मफलर खाली घेतला. गळ्यावरचा आडवा व्रण कॅमेऱ्यासमोर उघडा पडला.

त्याला सगळा स्टँड भोंगा म्हणायचा. कारखान्यात तो फोरमन होता. यंत्रांच्या खडखडाटात त्याची हाक पार दुसऱ्या टोकाला पोचायची, म्हणून तिथे हे नाव पडलं आणि त्याच्या मागोमाग स्टेडियमवर आलं. गोलच्या मागच्या कोपऱ्यात उभा राहून तो गाणं उचलायचा आणि त्याच्या मागून अख्खा स्टँड. कॅप्टनचं गाणंही त्यानेच रचलेलं. कॅप्टन तेव्हा कॅप्टन नव्हता, मिसरूड फुटलेला पोरगा होता, आणि भोंग्याला पहिल्याच सामन्यात तो आवडला होता. मग घशात गाठ निघाली. ती काढताना आवाजही गेला. उरली नुसती कुजबूज. नाव मात्र भोंगाच राहिलं. ते बदलावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. स्टेडियमवर जाणंही त्याने सोडलं नव्हतं. जुने दोस्त भेटायचे, "काय भोंगा, ठीक ना?" म्हणून पाठीवर थाप मारायचे आणि उत्तराला न थांबता पुढे जायचे.

"काका," माइकवाला माइक पुढे करून म्हणाला, "टीम तळाला आहे. कॅप्टन थकलाय, पळणं होत नाही, अर्धे लोक म्हणतात त्याला काढा. त्याचं गाणं तुम्ही रचलंत. तुम्हाला काय वाटतं?"

नवऱ्याने माइककडे तोंड वळवलं. मग ओठ हलले. तिला दारातूनही कळलं, तिला आता त्याचे ओठच पुरायचे. "त्याला काढायचं कशाला? अजून एक वर्ष ठेवा. पोरं शिकतील त्याच्याकडून."

"भारी, काका," माइकवाला म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला.

"तुम्हाला ऐकू आलं का, काय म्हणाले ते?" तिने विचारलं.

"माइकमध्ये सगळं येतं, काकू."

चहा न घेताच तो गेला. जिन्यावरचे त्याचे पाय वाजायचे थांबल्यावर ती म्हणाली, "एवढी घाई ज्याला असते ना, त्याला काहीतरी उचलून न्यायचं असतं."

नवऱ्याने हात झटकला. तुझं नेहमीचंच, असा.

दोन दिवसांनी लाँड्रीच्या मालकीणबाई फोन घेऊन इस्त्रीच्या टेबलापाशी आल्या. "तुमच्या ह्यांनी कॅप्टनला चांगलाच झोडपला की हो," त्या म्हणाल्या. "कुठे बोलत नाहीत म्हणता, पण बोलले की थेट."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. पडद्यावर तिचीच खिडकी होती. आधी व्रण, तोही इतका जवळून, की तिने स्वतःसुद्धा तो इतक्या जवळून पाहिला नव्हता. मागे रडवं संगीत. मग नवऱ्याचे हलणारे ओठ, आणि त्यांच्याखाली पिवळी अक्षरं. *त्याला काढा. अजून एक वर्ष ठेवायचं कशाला?* पोरांचं वाक्य नव्हतंच.

एका सदऱ्याचं बटण काढून दुसऱ्याला लावावं, तसा 'कशाला' इकडून उचलून तिकडे टाचला होता. बाकी शब्द त्याचेच.

तिने दुपारी माइकवाल्याला फोन लावला.

"काकू, कुजबूज हो ती," तो म्हणाला. "ऐकू आलं तसं आमच्या मुलाने टाईप केलं. झाली असेल चूक."

"मग दुरुस्त करा."

"बघतो. पण आता खूप लोकांनी पाहिलाय. काढला तर उलट संशय घेतील, क्लबने दाबलं म्हणून."

"आणि तुमची चूक नेमकी अशीच कशी हो झाली? उलटी का नाही झाली?"

"काकू, सगळ्यांवर असा संशय घेऊन कसं चालेल," तो म्हणाला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा त्याच खुर्चीत, खिडकीपाशीच बसला होता. खुर्ची जागेवर नेली नव्हती. फोन नाकाशी धरून तो लोकांनी लिहिलेलं वाचत होता. भोंगा तो भोंगाच. एक नंबर माणूस. भोंग्याने सांगितलं, आता विषय संपला. ऑपरेशननंतर त्याचा चेहरा असा उजळलेला तिने पाहिला नव्हता. त्यामुळे जे विचारायचं ते तिने चप्पल काढता काढता, भिंतीकडे बघत विचारलं.

"खाली काय लिहिलंय ते वाचलंत ना?"

त्याने मान हलवली.

"मग? तुम्ही असं म्हणाला होतात?"

"चुकून झालं असेल," तो कुजबुजला.

माइकवाल्याचेच शब्द. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, पण तो पुन्हा फोनमध्ये गेला होता.

शनिवारी सामना होता, दोघं गेली. त्यांच्या कोपऱ्यात शिरताना माणसं बाजूला होऊन वाट देत होती. अनोळखी लोक हात मिळवत होते. "बरं झालं तूच बोललास," एक जुना दोस्त म्हणाला. "आम्ही बोललो असतो तर म्हणाले असते, काल आलेले शहाणे. तू बोललास म्हटल्यावर आमचीही भीड मेली."

ती भीड मेली म्हणजे काय ते पाचव्या मिनिटाला कळलं. कॅप्टनच्या पायात चेंडू आला आणि तिच्या मागून शिट्टी वाजली. मग दुसरी, मग सगळा कोपरा. प्रत्येक वेळी चेंडू त्याच्याकडे गेला की शिट्ट्या. आधी तो सरळ पास देत होता, मग घाईघाईने द्यायला लागला, मग चेंडू त्याच्याकडे येऊ नये असा कुठेतरी उभा राहायला लागला. उत्तरार्ध सुरू झाल्यावर त्याला बाहेर बोलावलं. हातावरची कॅप्टनपदाची पट्टी काढून दुसऱ्याला देताना ती कोपरात अडकली, आणि त्यालाही लोक हसले.

नवरा शेजारच्या माणसाला काहीतरी सांगायला लागला. त्या माणसाने हसून मान डोलावली. एवढ्या गोंगाटात त्याला एक अक्षर ऐकू आलं नसणार. नवऱ्याने पुन्हा प्रयत्न केला नाही. तिने ते पाहिलं. बाजारात भाव पाडायचा असतो तेव्हा हा माणूस दुकानदाराच्या टेबलावर बोटाने लिहून दाखवतो, बाही ओढतो, वाट अडवतो. आज एकदा ओठ हलवले आणि झालं.

बाहेर फाटकाशी माइकवाला उभाच होता. ती थेट त्याच्यासमोर गेली.

"एका शब्दाची फिरवाफिरव केलीत आणि त्या माणसाचं काय झालं बघितलंत ना? चाहत्यांचा आवाज म्हणे. आवाज नसलेला माणूस शोधून काढलात, कारण तो ओरडून सांगू शकत नाही की मी हे बोललो नाही."

आजूबाजूची दोन-चार माणसं थांबली. माइकवाला लाल झाला. त्याने माइक खाली केला आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्यात बोलतात तसं न बोलता, साध्या आवाजात म्हणाला, "काकू, व्हिडिओ टाकायच्या आदल्या दिवशी मी काकांना पाठवला होता. खालच्या अक्षरांसकट. म्हटलं, बरोबर आहे का बघा. त्यांनी अंगठा पाठवला."

"खोटं."

"त्यांनाच विचारा."

ती वळली. नवरा मफलरची गाठ नीट करत होता. गाठ नीटच होती.

ती त्याच्या पुढेच चालत घरी आली. दार लावलं, दिवा लावला, दोरीवरचे कपडे काढून आणले आणि पलंगावर बसून घड्या घालायला लागली. तो समोर येऊन उभा राहिला.

"तुम्ही पाहिला होता," ती म्हणाली.

"हो."

"आणि अंगठा दिलात."

तो तिच्या शेजारी बसला, कानाशी तोंड नेलं. "मला वाटलं, चूक दाखवली तर व्हिडिओ टाकणारच नाहीत." जरा दम घेतला. "किती दिवसांनी कुणीतरी विचारायला आलं होतं."

जगात सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता तिचा. मालकीणबाईंवर, गिऱ्हाइकांवर, डॉक्टरांवरसुद्धा. हा एवढा एक माणूस तिने त्यातून वगळला होता. चिडावं की रडावं ते तिला कळेना, म्हणून तिने हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

"त्या पोराने तुमचं काय वाकडं केलं होतं?" शेवटी ती म्हणाली.

कॅप्टन आता चौतिशीचा होता, पण ह्या घरात तो पोरगाच होता. नवऱ्याने मान खाली घातली. मग तिचा हात हलवून म्हणाला, "तू सांग. माझ्या वतीने. ते चॅनेलवाले आले की."

"मी? माझा आवाज तुमचा म्हणून कोण घेणार?"

"सांग."

पुढच्या सामन्याच्या आधी ती माइकसमोर उभी राहिली. नवरा शेजारी. तिने फक्त त्याची तीन वाक्यं सांगितली, 'कशाला' जिथल्या तिथे ठेवून. आणि म्हणाली, "आधी खाली लिहिलं होतं ते चूक. ते ह्यांनी पाहिलं आणि चालू दिलं, हीही चूक." नवऱ्याने प्रत्येक वाक्याला मान हलवली. माइकवाल्याने सगळं घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

आली ती मालकीणबाईंच्या फोनवर. व्हिडिओ पूर्ण होता, एक शब्द कापलेला नव्हता. फक्त वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: *भोंग्याला गप्प कोणी केलं? बायको बोलते, तो मान हलवतो.*

खाली लोकांनी लिहिलं होतं की वहिनींना क्लबने फितवलं. की बिचाऱ्याच्या डोळ्यांत बघा, किती दबाव आहे. एकाने तर नवऱ्याने मान हलवली ती होकाराची नव्हती, नकाराची होती, हे बाण काढून सिद्ध केलं होतं. संध्याकाळी कोट न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक पावती घेता घेता म्हणालं, "घरात भोंगा कुणाचा वाजतो ते कळलं म्हणायचं."

"कोटाच्या आतल्या खिशात लिपस्टिक होती," ती म्हणाली. "बाजूला काढून ठेवलीय. देऊ का बायकोसमोर?"

गिऱ्हाईक कोट घेऊन गेलं. पण तिला बरं वाटलं नाही.

माइकवाल्याला तिने पुन्हा फोन केला नाही. त्यानेच एकदा केला. शीर्षक मी ठरवत नाही, म्हणाला. साधं शीर्षक दिलं तर कुणी उघडतच नाही. त्यात तथ्य असेलही. ती नुसतं "बरं" म्हणाली.

हंगाम संपायच्या आधीच क्लबने जाहीर केलं, कॅप्टन जाणार. शेवटच्या सामन्याला जाऊ या, असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. दोघांनी तयारी केली आणि निघाले. शिट्ट्या नव्हत्या त्या दिवशी. जाणाऱ्या माणसावर कोण शिट्टी वाजवतं. कॅप्टनला शेवटची दहा मिनिटं खेळवलं. सामना संपल्यावर तो इतरांशी हात मिळवून पलीकडच्या बाजूने आत गेला. त्यांच्या कोपऱ्याकडे आला नाही. त्याने मुद्दाम टाळलं की त्याला तीच वाट जवळची होती, ह्यावर तिने बराच विचार केला आणि काही ठरवता आलं नाही. नवरा कठड्याला धरून, खेळाडूंच्या बोगद्याचं दार बंद होईपर्यंत तिकडे बघत होता.

जिना उतरताना गर्दी होती. मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, जरा थांबा."

उंचापुरा माणूस होता, एका पावाच्या कारखान्याचा गणवेश अंगात, बाहीवर पीठ. बहुतेक पाळीवरून परस्पर आला असावा. "मी दोन्ही व्हिडिओ पाहिले," तो म्हणाला. "शिट्ट्याही वाजवल्या मी. तुम्ही खरं सांगा, भोंगा त्या दिवशी काय म्हणाला होता?"

तिने बोलायला तोंड उघडलं. तीन वाक्यं पाठच होती. मग ती थांबली.

"ते काय, इथेच उभे आहेत," ती म्हणाली. "त्यांना विचारा. कान जवळ न्यावा लागेल, एवढंच."

त्या माणसाने भोंग्याकडे पाहिलं. मग जिन्याच्या कठड्यावर एक हात रोवला, दुसऱ्या हाताने आपला पलीकडचा कान बंद केला आणि कमरेत वाकला. भोंगा बोलायला लागला.

ती दोन पायऱ्या उतरून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, त्याचे ओठ आपल्याला दिसू नयेत म्हणून. तीन वाक्यांना लागावा त्याहून बराच जास्त वेळ लागत होता. मागे वळून पाहिलं तेव्हा तो माणूस तसाच वाकलेला होता, आणि गर्दी त्या दोघांना वळसा घालून खाली उतरत होती.