उरल्यासुरल्या कापडाची बाग

भिंगरीला घरात भिंगरी म्हणत ते काही उगाच नाही. एका जागी बसून ती आयुष्यात एकच काम करायची, ते म्हणजे शिवणकाम, आणि तेव्हाही तिचे पाय मशीनवर पळतच असायचे. सध्या तर तिला धड जेवायलाही सवड नव्हती. रविवार चार दिवसांवर आला होता आणि परसदारी अजून नुसतं गवत, मोडक्या खुर्च्या आणि एक म्हातारं लिंबाचं झाड, एवढाच ऐवज होता.

त्याचं असं झालं. घराच्या पुढच्या खोलीत आत्याचं कपडे शिवायचं दुकान होतं, चांगलं तीस वर्षांचं. पण हल्ली लोक तयार कपडे घेत आणि आत्याचे डोळेही थकले होते. त्या खोलीसाठी एक मोबाइल दुरुस्त करणारा हात धुऊन मागे लागला होता. भिंगरीने आत्याला गळ घातली, "दुकान मला दे. कपडे नाही शिवणार मी. उशा, गाद्या, पडदे, बागेतले झोपाळे शिवेन."

"आणि घेणार कोण?"

"लोकांना आधी दाखवायला नको का? मी परसदारी बोहेमियन बाग करते."

"ते आणि काय असतं?"

"म्हणजे बघ, कशाचा कशाला मेळ नसतो, पण सगळं मिळून झकास दिसतं."

"मग त्याला बाग कशाला हवी? आपलं घराणं दाखव की," आत्या म्हणाली. पण तिने ऐकून घेतलं, हेच खूप होतं. शेवटी तिने अट घातली. रविवारी दहा जणांनी काम दिलं, तर दुकान भिंगरीचं. नाही तर सोमवारी मोबाइलवाल्याला होकार. "आणि नवीन कापड आणायचं नाही हं. घरात आहे त्यात भागव." एवढं बजावून आत्या थोरल्या बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

घरात आहे त्यात! भिंगरीने दुकान पालथं घातलं. कापड बेतायच्या टेबलाखाली, अगदी भिंतीला टेकून, पत्र्याच्या दोन पेट्या होत्या. तिने पहिलीचं झाकण उघडलं आणि मटकन खालीच बसली. डाळिंबी, पोपटी, मोरपंखी, शेंदरी, अबोली. फुलांची, ठिपक्यांची, चौकड्यांची कापडं, एकेक नीट गुंडाळी करून सुतळीने बांधलेली. चिंध्या म्हणाव्यात तर त्यात हातभर, दोन हात लांब तुकडे. दुसरी पेटीही तशीच काठोकाठ भरलेली. "आत्याबाई, तुम्ही तर छुप्या रुस्तम निघालात!" भिंगरी रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणाली आणि एकटीच हसत सुटली.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. दिवसभर मशीन धडधडत होतं. लांब पट्ट्या एकमेकींना जोडून तिने घराच्या छपरापासून लिंबापर्यंत मांडव ताणला. मोडक्या खुर्च्यांना खिळे ठोकले, एक जांभळी रंगवली, एक पिवळी, आणि तिसरीला रंग पुरला नाही म्हणून अर्धी हिरवी, अर्धी निळी. जुन्या टायरांच्या बैठका झाल्या. गळक्या किटलीत पुदिना लागला, फुटक्या बादलीत सदाफुली. दोऱ्यांच्या गाठी मारून तिने शिंकी विणली आणि त्यात कुंड्या टांगल्या. फुटलेल्या कपबश्यांचे तुकडे मातीत बसवून पायवाट केली, आणि कपबश्या कमी पडल्या तेव्हा दोन चांगल्याही फोडल्या. हे आत्याला सांगायची तिला काही गरज वाटली नाही.

माणसं जमवायला तिने आत्याची मापांची वही काढली. तीस वर्षांची गिऱ्हाइकं, पत्त्यांसकट. भिंगरीने एकालाही सोडलं नाही. इतकी हुशार कल्पना आपल्याला सुचली कशी, याचंच तिला कौतुक वाटत होतं.

रविवारी सकाळी लोक आले आणि दारातच थबकले. वाऱ्याने मांडव हलत होता, खाली गवतावर रंगीत ऊन सांडलं होतं. "अगं बाई!" असं जो तो म्हणत होता, पुरुषसुद्धा. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी उभ्या उभ्या सहा उशा सांगितल्या. कोणाला झोपाळा हवा होता, कोणाला गच्चीवर असाच मांडव. अकरा वाजेपर्यंत सात कामं वहीत लिहून झाली. भिंगरीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

तेवढ्यात बेकरीवाला एका उशीपाशी वाकला. "हे तर माझ्या लग्नातल्या कोटाचं अस्तर!"

लोक हसले. मग एकीला मांडवात आपल्या लेकीचा फ्रॉक दिसला, दुसऱ्याला आपल्या जुन्या घरातले पडदे. खेळच सुरू झाला. जो तो मान वर करून आपापलं कापड शोधू लागला. भिंगरीही टाळ्या पिटत त्यांच्यात सामील झाली. भोळी बिचारी.

मोठ्या बाई मात्र हसत नव्हत्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी सगळ्या गल्लीला अजून अगं-अरे करत. त्यांनी मांडवाची एक मोरपंखी पट्टी खाली ओढली, एक टोक नाकाशी धरलं आणि दुसरा हात लांब केला.

"एक वार, वर चार बोटं," त्या म्हणाल्या. "माझ्या झग्याला पूर्ण बाही हवी होती. तुझी आत्या म्हणाली, कापड पुरत नाही. पाऊण बाहीवर भागवलं मी."

मग एक एक जण आपापल्या तुकड्याकडे नव्याने बघू लागला. आता कुठे भिंगरीच्या डोक्यात प्रकाश पडला. लोक घरची अब्रू वेशीवर टांगतात, तिने आत्याची अब्रू लिंबाच्या झाडाला टांगली होती, तीही रंगसंगती बघून! आता कसलं काम आणि कसलं दुकान? आत्याला हे कळू नये म्हणून काय करावं, असा विचार करत ती वळली, तर आत्या हातात पिशवी घेऊन मागच्या दारात उभी होती.

किती वेळ उभी होती कोण जाणे. ती कोणाकडेच बघत नव्हती, वर मांडवाकडे बघत होती.

"आत्या, मला माहीत नव्हतं गं," भिंगरी रडवेली होऊन म्हणाली.

आत्याने पिशवी खाली ठेवली. "बाई, कापड उरलं होतं. मी ठेवून घेतलं. तुमचंच नाही, सगळ्यांचं."

"विकायला?" बेकरीवाल्याने विचारलं.

"एक तुकडा विकला असेल तर हात झडोत माझे." आत्या म्हणाली. "दिवसभर माझ्या हातांतून रंग जायचे आणि संध्याकाळी कागदात बांधून लोकांच्या घरी जायचे. एखादा तरी माझ्याकडे राहावा, असं वाटायचं. दुपारी दुकान बंद केलं, की पेटी उघडून बघत बसायचे. चूक ती चूकच. पण सगळे रंग असे एकदम, उन्हात, मी आज पहिल्यांदा बघतेय." आणि तिने पदर नाही, रुमाल नाही, सरळ मनगटाने डोळे पुसले.

मोठ्या बाई पट्टी हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. "हिवाळ्यात कोपरं गारठायची माझी," त्या म्हणाल्या.

"हो बाई."

"झगा अजून आहे माझ्याकडे. अंगालाही होतो. याच कापडाने बाह्या पूर्ण करून दे. आणि उरलेल्याची उशी."

"मग माझ्या अस्तराचीही उशीच राहू दे," बेकरीवाला म्हणाला. "त्या कोटात आता माझा एक हातही जात नाही!" हशा पिकला आणि सगळे एकदम बोलायला लागले. कोणाला लेकीच्या फ्रॉकची गोधडी हवी होती, कोणाला जुन्या पडद्यांचा झोपाळा. वही लिहिता लिहिता दहाचा आकडा कधी मागे पडला, ते भिंगरीला कळलंही नाही.

आत्याने सवयीने भिंगरीच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि मोठ्या बाईंच्या खांद्याला लावली. आकडा वाचायला तिने टेप डोळ्यांजवळ आणली, लांब धरली, परत जवळ आणली. मग ती भिंगरीच्या हातात देऊन म्हणाली, "तू घे माप. तुझं गिऱ्हाईक आहे. कोपर वाकवून घे, नाही तर बाही वर चढेल."

भिंगरीने बाईंचं कोपर वाकवलं आणि खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरली.

"आणि यातून कापड उरलं तर, आत्या?"

सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या.

"उरलं तर," आत्या म्हणाली, "विचारून ठेव."