भिंतीवरच्या दोन रेघा

निघोज्याच्या चिमाजीला एका जागी बसवत नव्हतं. दसऱ्याला कोंडाजीचं विहिरीचं शेत घ्यायचं ठरलेलं, विसार देऊन झालेला, आणि बाकीचा पैसा अडकलाय कशात? तर मुंबईच्या एका कापडगिरणीच्या शेअरात!

नाद लावला चिंचवडच्या उद्धवरावांनी. ते दलालाचे कारकून. पण खरं सांगायचं तर वर्षभर चिमाजीचं गणित चुकलं नव्हतं. भाव नव्वदला उतरला की घ्यायचा, शंभराला चढला की विकायचा. पांढऱ्या भिंतीवर त्यानं कोळशानं दोन रेघा ओढलेल्या, वर शंभराची, वीतभर खाली नव्वदची. सायकल मारत चिंचवडला जायचं, पेपरातला भाव बघायचा, घरी येऊन रेघांच्या मधे टिंब द्यायचं. "दाव्याची म्हस हाय," बायकोला, सोजराबाईला, आणि उद्धवरावांनाही तो ऐटीत सांगायचा, "दाव्याएवढीच फिरणार."

श्रावणात टिंब खालच्या रेघेखाली उतरलं. चिमाजी खूश! स्वस्त मिळतंय म्हणून शेताचे राखलेले पैसेही त्यानं त्यातच घातले.

"चिमाजीराव, ही घसरण वेगळी दिसतेय," उद्धवराव म्हणाले. "जरा चढतो तो आणखी खाली जायलाच. दावं तुटलंय. विकून मोकळे व्हा."

पण ऐकेल तो चिमाजी कसला! जन्म चाकणच्या कांदाबाजारात गेलेला. "कांदा पडतो न् पुन्हा चढतोच की, राव. धीर धरील त्याचा बाजार."

पंच्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. सत्तर. चिमाजीला घास गोड लागेना. भाव दोन रुपये चढला की आळीत गूळ वाटायचा, चार उतरला की बैलांवर खेकसायचा. टिंब द्यायला आधी तो उभा राहायचा, मग वाकायला लागला, शेवटी उकिडवा बसायची पाळी आली.

भादव्याच्या अखेरीस तो असाच बसलेला असताना सोजराबाई परसातल्या कांदाचाळीतला नासका कांदा पाटीत घेऊन आली.

"भुई लागली की वो. उद्याचं टिंब कुठं देणार? उकरून?"

"चढंल गं! कांद्यागत चढंल."

"कांद्याचं मला नका सांगू! चढंल म्हणून ठिवतो, पर आठ दिसाला हात घालून नासका काढतो न्हवं? न्हाईतर अख्खी चाळ सडती. तुमच्या कागदात कुणी हात घातला?"

चिमाजी चपापला. दीड महिना टिंबं सरळ उतारानं खाली आलेली, आणि हा बाबा आपला वरच्या दोन रेघाच बघत बसलेला. दुसऱ्या दिवशी त्यानं बावन्नला सगळं विकून टाकलं.

दसऱ्याला खरेदी झाली, पण अर्ध्याच शेताची. कोंडाजी भला माणूस, त्यानं विसार बुडवला नाही. विहिरीकडचा अर्धा तुकडा मात्र चाकणच्या व्यापाऱ्यानं घेतला.

"रान आपलं," बांधावर उभी राहून सोजराबाई म्हणाली, "न् पाणी इचारून घ्यायचं."