जावयाची शिकवणी

हाडाची मास्तरीण ती. जन्मभर स्पॅनिश शिकवलं आणि एकच नेम पाळला: वाक्यं घरातल्याच माणसांवर करायची, तीही खरी. खोटं वाक्य जिभेवर टिकत नाही, असं तिचं म्हणणं. आणि वाक्यातल्या मताशी मास्तरांना काय करायचंय? क्रियापद तेवढं तपासायचं.

सध्या शिकवणीला होते लेक आणि जावई. त्याला परदेशात नोकरी लागली होती, उद्या दोघं निघणार होती. जावई लाखात एक, असं तिनेच चार घरी मिरवून सांगितलेलं. आज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शेवटचा धडा होता, भविष्यकाळाचा.

"सोपा आहे हो," ती म्हणाली. "अख्खं क्रियापद जसंच्या तसं ठेवायचं आणि मागे शेपूट लावायचं. आब्लार म्हणजे बोलणं. आब्लारे, मी बोलेन. आब्लारा, ती बोलेल. चला जावईबापू, करा वाक्यं."

जावयाने स्पॅनिशमध्ये घडाघडा सुरुवात केली. मी काम करीन. ती घरी राहील.

"बरोबर."

मी दार बंद करीन. किल्ली मी सांभाळीन.

"बरोबर. उच्चारही छान."

ती कुणाला फोन करणार नाही. ती आईशी बोलणार नाही.

"अगदी बरो..." तिने जीभ चावली.

एकही चूक नव्हती. आणि आपण प्रत्येक वाक्याला मान डोलावत गेलो, हे आता तिच्या ध्यानात आलं.

"हे काय भलतंच?"

"तुमचाच नेम ना, आई? घरातली, खरी वाक्यं." तो शांतपणे म्हणाला.

"आता तू म्हण गं," ती घाईघाईने लेकीकडे वळली. पोरगी मुलखाची भांडखोर. लहानपणी दोन ओळी म्हणून घ्यायच्या तर घरभर तिच्यामागे धावावं लागे. आता ही नवऱ्याला चांगलं फैलावर घेईल, अशी आईला खात्री होती.

लेकीने मान खाली घातली. मी घरी राहीन. मी कुणाला फोन करणार नाही. मी आईशी बोलणार नाही. कुठे अडखळली नाही की थांबली नाही. आजचा धडा तिच्याकडून आधीच घोटून घेतलेला होता, आणि तो आईने घेतलेला नव्हता.

मास्तरीण ताडकन उठली. तिने लेकीचं मनगट घट्ट धरलं. "तू आज इथंच राहा. विमान गेलं खड्ड्यात. ऐकतेयस ना?"

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नुसती नकारार्थी मान हलवली.

तेव्हा तिने आईची बोटं एकेक करून सोडवली, दुखू नयेत अशी, हलक्या हाताने. "सामान भरायचंय, आई," ती म्हणाली आणि चपला घालायला वाकली.