गुंडीचा कोपरा

गुंडी आली तेव्हा मास्तरांच्या चिंध्यांच्या टोपलीत मावत होती. दोन डोळे आणि एक नाक, तिन्ही काळी, गोल आणि चकचकीत, म्हणून नाव गुंडी. बायको गेल्यापासून मास्तर कुणाशी धड बोलत नव्हते. गिऱ्हाइकाचं माप घेतानाही नुसते आकडे पुटपुटायचे. ते पाहून लेकीने हे पिल्लू आणून दिलं. मास्तरांनी बरेच आढेवेढे घेतले. शिवणकामाचं घर हे, इथे कुत्रं कशाला, म्हणाले. आणि आठवडा संपायच्या आत उरलेल्या अस्तराची तिला गादीही शिवून दिली.

पोर हुशार होती. खाऊन झालं की, झोपून उठली की, खेळून दमली की मास्तर तिला मागच्या अंगणात न्यायचे आणि ती तिथे मुकाट्याने आपलं काम उरकायची. पण घरात परतली की खिडकीजवळच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन थोडी तरी शू करून यायचीच. कापडाच्या गठ्ठ्यांकडे ढुंकून बघायची नाही. सतरंजीवर एक थेंब नाही. फक्त तो कोपरा. मास्तरांनी तिथे वर्तमानपत्र अंथरलं, आवाज चढवून पाहिला, शेवटी कोट अडकवायचा लाकडी पुतळाच नेऊन उभा केला. गुंडी पुतळ्याभोवती एक फेरी मारायची, जशी काही परवानगी मागते आहे, आणि त्याच्या पायाशी बसायची.

मग वकीलबाई त्या पुतळ्यावरचा आपला कोट न्यायला आल्या. बाही नाकाशी नेऊन म्हणाल्या, "मास्तर, माप माझंच आहे, पण वास दुसऱ्या कुणाचा तरी आहे." मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीला हे कळलं तेव्हा तिने स्पष्टच सांगितलं, की येत्या रविवारपर्यंत हे थांबलं नाही तर गुंडीला मैत्रिणीकडे सोडायचं. तिचं आवार मोठं आहे आणि बाबांचा धंदा असा बसून चालणार नाही. मास्तर हो म्हणाले. पण त्या दुपारी त्यांना जेवण गेलं नाही.

लेक रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रविवारी येताना तिने अतिनील उजेडाचा टॉर्च आणला. साध्या डोळ्यांना न दिसणारे लघवीचे डाग त्या उजेडात चमकतात. गुंडीने कुठे कुठे केलंय ते एकदा नीट पाहू, म्हणजे तेवढं मुळापासून धुता येईल, असा तिचा हिशोब. तिने पडदे ओढले, पुतळा बाजूला सरकवला आणि टॉर्च लावला.

लाकडी फळ्यांवर गुंडीचे लहान लहान टिकल्यांसारखे ठिपके उजळले. आणि त्यांच्या खाली, फिकट पिवळसर, एक लांबट मोठा डाग. भिंतीला समांतर. आडव्या माणसाची कंबर येईल तिथे सर्वांत दाट, दोन्ही टोकांना विरत गेलेला.

"बाबा, हे गुंडीचं नाही," लेक म्हणाली.

"इथे खाट होती," मास्तर म्हणाले.

त्यानंतर बराच वेळ दोघांपैकी कुणी टॉर्च बंद केला नाही.

आईच्या अखेरच्या महिन्यांत जमीन कशाने पुसायचात, असं लेकीने विचारलं. उकळत्या पाण्याने, साबण घालून, रोज, मास्तर म्हणाले. एक दिवस चुकवला नव्हता.

"गरम पाण्याने ते आणखी मुरतं, बाबा." बोलून गेली आणि तिने ओठ चावला.

आपल्याला वास येत नसला तरी कुत्र्याच्या नाकाला येतो, कुणी आधी जिथे केलं तिथेच ते जातं, हे तिने मग हळूहळू समजावलं. पिशवीतून एक बाटली काढली. यातल्या एन्झाइमने त्या डागाचे अगदी रेणू मोडतात, मग काही उरत नाही. "नसेल ओतायचं तर राहू दे," ती म्हणाली. "गुंडीला मी घेऊन जाते. काही बिघडत नाही."

मास्तरांनी बाटली ठेवून घेतली. टॉर्चही ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानाची पाटी उलटी केली, पडदे ओढले आणि त्या डागाशेजारी जमिनीवर आडवे झाले. फळीला नाक लावलं. लाकूड, साबण, गुंडी. बायकोचं काही नाही. घरात तिचं जे उरलं होतं ते एका पिल्लाला कळत होतं आणि त्यांना कळत नव्हतं. राहू द्यावं, असंच त्यांच्या मनाने घेतलं.

पण तिथे पडल्या पडल्या त्यांना तिच्या सकाळी आठवल्या. डोळे उघडले की पाणी मागायच्या आधी विचारायची, "अहो, वास येतो का?" ते म्हणायचे, "कसला वास?" आणि म्हणताना हात खिडकीच्या कडीकडे गेलेला असायचा. ती तो हात बघायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. आयुष्यभर पदराला सुरकुती पडू न देणारी बाई. आपली हीच एक खूण नवरा जपून ठेवतो आहे आणि अंधार करून बघत बसतो आहे, हे तिला कळलं असतं तर तिने त्यांचं तोंड पाहिलं नसतं.

मास्तर उठले. गार पाणी घेतलं. बाटली भिंतीच्या कडेकडेने, फळ्यांच्या फटींत जाईल अशी ओतली आणि वर ओलं फडकं पसरलं. सकाळी फडकं उचलून त्यांनी टॉर्च लावला. फळ्या काळ्याच राहिल्या. त्यांनी टॉर्च वरून खाली, परत वर फिरवला. मग सेल संपलेत का ते बघायला स्वतःच्या सदऱ्यावर मारला. पांढरा सदरा लखकन उजळला.

गुंडी उठून आली. कोपऱ्यात गेली, हुंगलं, गोल फिरली, पुन्हा हुंगलं. मग मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि मास्तरांकडे बघू लागली. त्यांनी दार उघडलं. अंगणात तिने सगळं उरकलं, अगदी शहाण्यासारखं.

आता ती कुठेही जाणार नव्हती. लेकीला फोन करून हे सांगायला हवं होतं.

गुंडी त्यांच्या पुढे पळत घरात शिरली आणि थेट कोपऱ्यात गेली. एकेक फळी, एकेक फट, नाक घासत शोधत राहिली, कालपर्यंत इथेच तर होतं असं. मास्तर उंबऱ्यात उभे होते. त्यांनी तिला हाक मारली नाही. शोधू दिलं.