आतड्यातला बा

पितळी ताटातल्या गुळावर एक मुंगळा चढला होता आणि किसनसिंगला त्याचा हेवा वाटत होता — त्याला ना रक्त तपासायचं होतं, ना पोरगी उजवायची... ताट तांड्याच्या नायकाच्या हातून सरकत सरकत त्याच्याकडे यायला लागलं. तांड्यात सोयरीक गुळावर पक्की होते. पंचांसमोर दोन्ही बाप गूळ खातात, आणि जो खात नाही त्याची सोयरीक तिथंच मोडते. साखरेचा आजार त्याने व्याह्यांपासून लपवला होता.

मागच्या बाजाराला कारंज्याच्या डॉक्टरने समजावलं होतं, “लहान आतडं सगळ्यांचंच साखर ओढते, किसनभाऊ. तुमचं हावरट झालं. रक्तात आधीच साखर मावत नाही, तरी आणखी ओढून राह्यलं.”

हावरट — शब्द कानावर पडला आणि त्याला बा दिसला. रतनसिंग. दुष्काळी कामावर दुसऱ्यांच्या वाट्याची सुकडी मागून खाणारा, पाय काळा पडून सडला तरी खाटेवरून बोटं आकड्यासारखी वाकवून हात पुढे करणारा... तेव्हा आजाराचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. करणी आहे म्हणाले, कोंबडं कापलं. बाने तेही रश्शासकट खाल्लं. मग मेला. मेला म्हणजे तांड्यातून गेला; डॉक्टर बोलला त्या दिवसापासून तो किसनसिंगच्या आतड्यात राहायला आला होता, खाटेसकट. गोड चहा पोटात गेला की खाट करकरायची.

“कायले थांबला बे किसन्या? मुहूर्त पाह्यतं का?” सेवालाल नायक म्हणाला. पंच हसले. मुलाचा बाप मदनसिंग हसला नाही.

“खातो ना, नायक.”

खडा त्याने गालात धरला. तो तिथंही विरघळायला लागला... घे बा, घे, एवढ्यानं मी मरतो काय — आणि त्याने गिळला. वाट पाहिली. खाट करकरली नाही. आत कुणी नव्हतंच. मग गेला कुठं हा माणूस?

ताट दारापाशी बायकांत पोचलं होतं. त्याच्या पोरीने, धनीने, लाजत हात पुढे केला, बोटं आकड्यासारखी वाकवून... ती बोटं — बा, नको, तिथं नको — किसनसिंग उठला, ताट उडवायला हात उगारला, आणि ताटाबरोबर सोयरीकही उडेल हे आठवून हात तसाच वर राहिला.

“पाहा, बाप आशीर्वाद देऊन राह्यला!” कोणीतरी म्हणालं.

धनीने लांबूनच वाकून नमस्कार केला आणि आणखी एक खडा घेतला. हात वर धरून किसनसिंग कान देऊन उभा राहिला... कुठं खाट करकरते का.