पाचवं पिवळं काडतूस

डेस्मंड थर्टलला सगळा गाव दोन गोष्टींसाठी ओळखायचा. एक त्याचं गुडघ्याचं रडगाणं आणि दुसरं बंदुकीच्या बाबतीतलं त्याचं सोवळं. शनिवारी कबुतरांच्या शिकारीहून परतलं की शेतमालकीण मॅरियन कॅटनच्या कोठाराच्या दारात डेस उभाच. आत पाऊल टाकण्याआधी प्रत्येकानं बंदूक उघडून त्याच्या हातात द्यायची. डेस ती दिव्याकडे धरून दोन्ही नळ्यांतून बघणार, पलीकडे उजेडाची दोन स्वच्छ वाटोळी दिसली की ‘हं’ म्हणणार आणि मगच माणूस सुपाच्या पातेल्याकडे जाणार. वीस वर्षं हे चाललं होतं. कुणी कुरकुर केलीच, तर डेस आपल्या एर्नीकाकाच्या डाव्या हाताची गोष्ट काढायचा. नळी फुटून काकाची तीन बोटं गेली होती. ती गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती, त्यामुळे लोक कुरकुर न करणंच पसंत करत.

फेब्रुवारीतले चारही शनिवार असेच जात. मॅरियनच्या कोवळ्या मोहरीवर कबुतरं दिवसभर ताव मारतात आणि सांज झाली की बनांत झोपायला येतात. तेव्हा त्या चारही शनिवारी पंचक्रोशीतल्या एकूण एक बनात एकेक बंदूक बसायची. एकही बन मोकळं राहता कामा नये. राहिलं, की सगळी कबुतरं तिथेच उतरतात आणि बाकीचे आठ जण थंडीत आभाळ बघत बसतात. म्हणून पहिला नियम असा की अंधार पडेपर्यंत आपलं बन सोडायचं नाही. हा नियमही डेसनंच केलेला.

त्या शनिवारी सकाळपासून वारा सुटला होता आणि डेसचं चित्त काही ठिकाणावर नव्हतं. काहीतरी विसरलंय असं त्याला सारखं वाटत होतं. गॅस बंद केला होता. बंदुकीचं कपाट लावलं होतं. दोनदा परत जाऊन बघितलंही होतं.

दुपारी सगळे कोठारापाशी जमले, तेव्हा हर्बी लार्टर कमरेपर्यंत चिखलानं माखून आला. हर्बी म्हणजे डेसचा शाळेपासूनचा दोस्त. जिवंत कुंपणं विणावीत ती त्यानंच. कोयता चालवून, फांद्या अर्धवट कापून आणि वाकवून तो असं कुंपण घालायचा की ससासुद्धा पलीकडे जाण्याआधी विचार करील. पण स्वतःच्या बाबतीत अगदी गबाळा.

“हर्बी, चरात पाणी असतं हे साठ वर्षांत कळलं नाही का तुला?” डेस म्हणाला.

“पाणी असतं हे ठाऊक होतं रे. किती खोल असतं ते आज कळलं.”

“असा गारठून मरशील. थांब.” डेसनं गाडीच्या डिकीतून आपला दुसरा कोट काढला, मेणकापडाचा, जुना. “हा घाल. खिसे फाडू नकोस. आणि काडतुसांचा पट्टा कुठाय तुझा?”

“पट्टा तुझ्यासारख्या शहाण्यांना. आम्हाला आपला खिसा बरा.” असं म्हणून हर्बीनं दोन मुठी भरून आपली काडतुसं डेसच्या कोटाच्या उजव्या खिशात ओतली. डेस तोंड वाकडं करून बघत राहिला. बाकीचे हसले. तीन वाजता सगळे आपापल्या बनाकडे पांगले. डेसला पाद्र्याचं बन होतं, हर्बीला समोरच्या चढावरचं कोल्हेबन. मध्ये मैलभर मोहरीचं शेत.

कबुतरं वाऱ्याला छाती देत आली. डेसनं पहिल्या तासात चार पाडली, सहा चुकवली. सव्वाचारच्या सुमारास पट्टा रिकामा झाला, म्हणून त्यानं नवा डबा काढायला पिशवीत हात घातला, तर हाताला ओला, चेपलेला पुठ्ठा लागला. पिवळा डबा. रिकामा.

हा डबा टिलीचा. टिली म्हणजे त्याची नात, पंधरा वर्षांची. तिची बंदूक हलकी, वीस बोअरची. गेल्या रविवारी डेसनं तिला मातीच्या चकत्यांवर नेम धरायला नेलं होतं. पोरीनं पंचवीसपैकी वीस काडतुसं उडवली आणि पाऊस आला. डबा भिजून फाटला. पुठ्ठा शेकोटीला होईल म्हणून त्यानं पिशवीत कोंबला होता. आणि उरलेली पाच?

 उरलेली पाच त्यानं त्या जुन्या मेणकापडी कोटाच्या खिशात टाकली होती. उजव्या. घरी गेल्यावर काढू म्हणून.

बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. हर्बीची बंदूक बारा बोअरची, आणि वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या काडतुसापेक्षा बारीक असतं. ते बारा बोअरच्या नळीत टाकलं, तर तिथे राहत नाही, वीतभर पुढे घसरतं आणि अडकून बसतं. चाप ओढला की नुसता ‘टक्’. माणूस बंदूक उघडतो, नळीचं तोंड मोकळं दिसतं, त्याला वाटतं आपण भरायलाच विसरलो. तो मागून दुसरं काडतूस घालतो, पक्षी येतो, चाप ओढला जातो आणि नळी फुटते. बरोबर डावा हात असतो तिथे. म्हणून तर वीस बोअरची काडतुसं पिवळीजर्द करतात, नजरेला लागावीत म्हणून. पण झाडाखाली, सांजवेळी, डोळे आभाळात असताना खिशात कोण बघतं? बोटंच बघतात. एर्नीकाकाचं हेच झालं होतं. ही गोष्ट डेसनं वीस वर्षं लोकांना ऐकवली होती, आणि स्वतः पाच पिवळी काडतुसं खिशात घालून तो कोट दोस्ताच्या अंगावर चढवला होता.

समोरून आवाज आला. ढम् ढम्. दोन बार. हर्बीचेच. एका कबुतराला दोन बार ही त्याची जुनी उधळपट्टी, त्यावरून डेस त्याला कायम टोचायचा. आज ते दोन बार ऐकून डेसला रडू यायचं तेवढं राहिलं.

त्यानं फोन लावून पाहिला. हर्बीचा फोन नेहमीसारखा गाडीत वाजत असणार. हाका मारून उपयोग नव्हता, वारा उलटा होता. हवेत बार काढावे तर आज नऊ बनांतून बारच बार चालले होते, कुणाला काय कळणार? डेसनं बंदूक मोकळी केली, खोळीत घालून पाठीला लावली आणि स्वतःच केलेला नियम मोडून तो बनातून बाहेर पडला.

मोहरीतून पळणं म्हणजे चिखलातून पाय उपटून काढणं. बुटांना शेर-शेर माती चिकटली. गुडघा पहिल्या पन्नास पावलांतच बोंबलायला लागला. मागे पाद्र्याच्या बनात कबुतरांचा मोठा थवा निवांत उतरला, तेही त्याला दिसलं. उतरू देत, बसू देत, अंडी घालू देत.

ढम् ढम्. जिवंत आहे. दोन्ही हात आहेत.

तो पळत राहिला. आपण काय मूर्खासारखे पळतोय, कदाचित ती पाच काडतुसं घरी काढून ठेवलीच असतील, असंही त्यानं मनाला सांगून पाहिलं. मन ऐकेना. स्वयंपाकघराचं टेबल, कपाटाचा वरचा कप्पा, गाडीतला खण, सगळं त्यानं डोळ्यांपुढे आणलं. पिवळं कुठेच नव्हतं.

ढम्.

डेस थांबला. दुसरा बार येईना. त्यानं श्वास धरला. हर्बी लार्टर आयुष्यात कधी एका बारावर थांबला नव्हता. आणि नळी फुटली तरी लांबून आवाज असाच येतो, साध्या बारासारखा.

“हर्बी!” तो ओरडला. वाऱ्यानं हाक तोंडातच परत कोंबली.

शेताचा उरलेला तुकडा त्यानं कसा ओलांडला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. सगळा वेळ कोल्हेबनातून एकही बार आला नाही. डेस मोठमोठ्यानं बोलत होता, देवाशी की हर्बीशी कुणास ठाऊक. काहीही होऊ दे, पण हात नको, त्याचे हात नकोत, कुंपणं कोण विणणार, एवढंच पुन्हा पुन्हा.

“मी आहे रे! बार काढू नकोस, मी येतोय!” असं ओरडत तो झाडांत घुसला. हर्बी एका लार्चच्या झाडाच्या बुंध्याला टेकून मजेत उभा होता. बंदूक काखेत, तोंडात आल्याच्या केकचा तुकडा. दोन्ही हात जागच्या जागी.

“काय रे, बन सोडून?” हर्बी म्हणाला. “आता तुला कोण ओरडणार? का तूच स्वतःला ओरडणार?”

 डेस वाकून धापा टाकत राहिला.

“बरं झालं आलास. हे बघ.” हर्बीनं शेजारच्या खुंटाकडे बोट दाखवलं. खुंटावर पिवळी काडतुसं ओळीनं उभी केली होती. “बार काढून झाला, बंदूक भरली, म्हटलं पुढची दोन मुठीत धरून ठेवावी. हाताला हे बारकं बारकं लागलं. बघतो तर काय! सोवळ्यातल्या डेसबुवांच्या खिशात वीस बोअर! आज कोठारात सगळ्यांसमोर तुझी वरात काढणार होतो.”

“काढ, काढ,” डेस म्हणाला. त्याला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. “हवी तेवढी काढ.” त्यानं खुंटाकडे नीट पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. “चारच?”

“चार.”

“हर्बी, पाच होती.”

“चारच होती, खिसा उलटा केला मी. अरे, ते बघ, आलं!” शेंड्यांवरून एक कबुतर वळत होतं. हर्बीची बंदूक खांद्याला लागलीसुद्धा.

“मघाशी एकच बार का काढलास?”

“दुसरा फुसका गेला, भरायला विसरलो होतो...”

डेसनं झेप घेतली. कसला गुडघा न् कसलं काय! त्यानं हर्बीचा चापावरचा हात धरून बाजूला ओढला, दोघं धाडकन चिखलात बसले, कबुतर डोक्यावरून निघून गेलं.

“वेड लागलं का तुला!” हर्बी खेकसला.

“उघड. हळू उघड ती.”

हर्बीनं बंदूक उघडली. दोन्ही काडतुसं बाहेर काढली. मग नळ्या आभाळाकडे केल्या आणि आतून पाहिलं. उजव्या नळीत सांजेचा करडा उजेड होता. डाव्या नळीत अंधार.

 हर्बीनं हेझलच्या झुडपाची सरळ काठी तोडली, डाव्या नळीत पुढून घातली आणि जपून ढकलली. पाचवं काडतूस डेसच्या हातात पडलं.

“हा कोट घे तुझा,” हर्बी म्हणाला. त्यानं तो अंगातून काढलासुद्धा. “ओला असेन तर ओला असेन.”

कोठाराच्या दारात सगळे वाटच बघत होते. “डेस, तुझ्या बनात कबुतरांची जत्रा भरली होती! होतास कुठं?” मॅरियननं पळी हातात घेऊनच विचारलं. डेसनं तोंड उघडण्याआधी हर्बी म्हणाला, “मीच बोलावलं. पुन्हा चरात पडलो होतो, म्हणून.” सगळे खो खो हसले. तिथेच गोष्ट मिटली असती. डेसला क्षणभर तसं वाटूनही गेलं, हे त्यानं नंतर कबूल केलं.

त्यानं मुठीतलं पिवळं काडतूस काढून मॅरियनच्या टेबलावर, पावाशेजारी ठेवलं.

“तो खोटं बोलतोय. हे त्याच्या नळीतून काढलंय, मागे भरलेलं काडतूस असताना. हे माझं. माझ्या कोटातलं. मी तपासलं नाही.”

 पळी पातेल्यात सोडून मॅरियन हर्बीच्या हातांकडे बघत राहिली. डेस दारातून बाजूला झाला. आता त्या जागी उभं राहायचा आपल्याला काय अधिकार, असं त्याला वाटलं.

हर्बी मात्र ओल्या अंगानं पुढे आला, उघडी बंदूक त्यानं डेसच्या छातीशी धरली. “बघ ना. माझ्यामागे रांग लागलीय.”

डेसनं ती दिव्याकडे धरली. उजेडाची वाटोळी त्यानं एकेक करून मोजली. दोन होती. दोन्ही स्वच्छ. तो ‘हं’ म्हणाला. मग त्यानं स्वतःची बंदूक खोळीतून काढली, उघडली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात दिली.

हर्बीनं नळ्यांतून बघायला गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.

“नळ्या ठीक आहेत,” तो म्हणाला. “आता खिसे दाखव.”

आणि डेस्मंड थर्टलनं सगळ्यांसमोर, एकेक करून, आपले सगळे खिसे उलटे केले.