हेलिपॅडवरच्या पळीपापड्या

मित्रांनो, स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, जिथे माणसांपेक्षा हरणं जास्त आणि हरणांपेक्षा चिलटं जास्त, तिथे मी पडलेला असतो. मी एक जुना हेलिपॅड. सिमेंटचा गोल चौथरा आणि त्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजी एच.

लंडनच्या एका धनिकाने २००२ साली मला बांधून घेतलं. तो हेलिकॉप्टरने हरणं मारायला यायचा. पाहुण्यांना घराआधी मला दाखवायचा. "काय गुळगुळीत आहे!" असं म्हणत ते माझ्यावर बूट आपटायचे. स्तुती अशीही गोड लागते. पुढे २००८ साली त्याचा धंदा बुडाला. हेलिकॉप्टर विकलं गेलं. मला कोण विकत घेणार? माझ्या भेगांत शेवाळ धरलं. मेंढ्या येऊन बसू लागल्या. मेंढ्या स्तुती करत नाहीत.

घर मात्र सुटीसाठी भाड्याने जाऊ लागलं. पुढच्या जूनमध्ये कॉव्हेंट्रीहून डॉक्टर शशिधर, त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई आणि इल्फर्डला राहणारे त्यांचे मित्र चंद्रशेखर तिथे उतरले. डॉक्टर हाडांचे, नुकतेच निवृत्त झालेले.

दुसऱ्या दिवशी चक्क ऊन पडलं. वैजयंतीबाईंनी मला पाहिलं.

"अगंबाई, केवढी ही गच्ची! आणि रात्री दहापर्यंत ऊन!"

साबुदाणा त्यांनी गाडीत घालून आणलेलाच होता. तो शिजवून, माझ्यावर भलंमोठं प्लास्टिक अंथरून, त्या पळीपळीने पापड्या घालत सुटल्या. कडेला दगड ठेवले. मित्रांनो, इतक्या मायेने मला कुणीच झाकलं नव्हतं. मी खूश होतो.

आत डॉक्टर छाती चोळत होते.

"शश्या, घाम बघ केवढा! ॲम्ब्युलन्स बोलावतो," चंद्रशेखर म्हणाले.

"ॲसिडिटी आहे रे. सकाळची मिसळ. डॉक्टर मी आहे की तू?"

"तू हाडांचा!"

"हार्ट कुठे असतं मग? हाडांच्याच आत!"

या विनोदावर डॉक्टर एकटेच हसले. थोड्या वेळाने ते खुर्चीवरून घसरले, तेव्हा चंद्रशेखरांनी फोन केला. रस्त्याने फार उशीर होईल, हेलिकॉप्टर पाठवतो, असं पलीकडून सांगितलं. "दारातच हेलिपॅड आहे," हे चंद्रशेखरांनी अभिमानाने कळवलं. वैजयंतीबाई नवऱ्याचा हात धरून बसल्या. पापड्यांची आठवण कुणाला राहणार?

मग आवाज आला. तोच आवाज! माझ्या सिमेंटला कंप सुटला. चंद्रशेखर दारात धावले आणि तिथेच ओरडले, "वहिनी, ते प्लास्टिक!"

वैजयंतीबाई बाहेर आल्या. इतक्या वर्षांची सवय तोंडातून आधी निघाली.

"अहो भावजी, ओल्या आहेत अजून! फाटतील!"

क्षणभरच. मग दोघांनी मिळून प्लास्टिक ओढलं. पण हेलिकॉप्टर खाली येत होतं. पंख्याच्या वाऱ्याने प्लास्टिक हातांतून सुटलं आणि पापड्यांसकट फडफडत वर गेलं. ते पंख्यात गेलं असतं तर सगळेच गेले असते. पायलट शहाणा होता. त्याने हेलिकॉप्टर वर घेतलं आणि दलदलीपलीकडच्या टेकाडावर उतरवलं. तिथून माणसं गुडघाभर चिखल तुडवत स्ट्रेचर घेऊन आली. तोवर डॉक्टर गेले होते.

संध्याकाळी वैजयंतीबाई माझ्यावर येऊन बसल्या. एचवर सांडलेला साबुदाणा नखाने खरवडत राहिल्या.

"भावजी, मी लगेच ओढलं असतं तर?"

"नाही हो वहिनी. त्याने माझं आधी ऐकलं असतं तर."

"त्यांनी कधी कुणाचं ऐकलंय?" त्या म्हणाल्या, आणि खरवडत राहिल्या.

मित्रांनो, मोकळी जागा दिसली की तिथे काहीतरी मांडावंसं वाटतं. माझ्यावर मांडू नका. मेंढ्यांना हाकला, शेवाळ खरवडा, आणि मग मला तसाच सोडा. मी उगाच रिकामा नसतो. रिकामं राहणं हेच माझं काम आहे. आयुष्यात एकदाच मला खरं काम आलं, आणि त्या दिवशी मी भरलेला होतो.